उभं राहायची जागा

"थोडी डावीकडे," एमेरिक म्हणाला, आणि जेनाबा सरकली.

गुरुवारची दुपार. दिवाणखान्याच्या उंच खिडकीपाशी कप हातात धरून ती खालच्या बागेतली घसरगुंडी बघत उभी होती. एमेरिक मागे आरामखुर्चीत काहीतरी वाचत बसला होता. त्यानं ते दोन शब्द इतक्या सहज उच्चारले की ते तिच्या कानावर येण्याआधी पायांपर्यंतच पोचले. अर्धं पाऊल. मग मागे खुर्ची एकदा करकरली आणि सगळं शांत झालं. तो आता पुस्तक वाचत नव्हता, तिच्या पाठीला ते कळत होतं. कपातली कॉफी थंड होत गेली. ती हलली नाही, आणि आपण का हलत नाही आहोत हा प्रश्न तिला पडला तेव्हा मानेवर बारीक घाम आला होता. ऑक्टोबर अर्धा उलटला होता, घर गरम करणारी वाफेची नळी अजून सुरूही केली नव्हती.

डावीकडे सरकायला तिला शिकवलं होतं बातिस्तनं. त्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये, याच घरात. ती ज्या दुकानात गल्ल्यावर बसायची तिथे एक बाई आली होती, सामान पट्ट्यावर ठेवता ठेवता जेनाबाकडे एकटक बघत राहिली होती, आणि शेवटी म्हणाली होती, "तुमची उंची किती? एक मीटर बहात्तर ना?" सिनेमा होता. प्रेमाचा, विनोदी. बड्या घरचा मुलगा आणि त्याच घरात कपडे इस्त्री करायला येणारी काळी मुलगी. मोठ्या नटीच्या जागी, ती येईपर्यंत, दिवे लावून होईपर्यंत कुणीतरी उभं राहायला हवं होतं. तिच्याच उंचीचं, तिच्याच रंगाचं. जेनाबानं दुकानातून सहा आठवड्यांची रजा काढली. काम म्हणजे उभं राहणं. जमिनीवर लाल चिकटपट्टीची फुली असायची, तिच्यावर उभं राहायचं. बातिस्त, दिव्यांचा मुख्य, साठीचा, खोकत खोकत सांगायचा, "थोडी डावीकडे. हनुवटी खाली. बास. आता श्वास घे, पण दिसू देऊ नकोस." तास दीड तास. मग सगळं जमलं की नटी यायची, गालावर पावडर, अंगाला महाग वास, जेनाबा फुलीवरून उतरायची आणि ती फुलीवर चढायची. नटी फुलीवर चढली की जेनाबाला मागच्या स्वयंपाकघरात पाठवत, दार लावून. त्यामुळे तो सिनेमा काय होता हे तिला कधी कळलंच नाही. प्रेमिक कुठे उभे राहतात, कुठे बसतात, कुठे एकमेकांकडे वळतात हे तिला पाठ होतं. ते बोलतात काय, हे नाही. दाराआडून कधी तंत्रज्ञांचं हसणं ऐकू यायचं, त्यावरून ती ओळखायची की विनोद झाला.

आणि एक गोष्ट होती, जी तिनं कुणाला सांगितली नव्हती. मधल्या सुट्टीत दिवाणखाना रिकामा असायचा, दिवे मात्र चालू ठेवलेले. ती स्वयंपाकघराच्या दारातून हळूच बघायची. ती ज्या जागी उभी होती ती जागा रिकामी वाटत नसे. तिथे काही दिसत नसे हे खरं, पण एखादा माणूस खुर्चीवरून उठून गेला की गादी जशी थोडा वेळ दबलेली राहते, तसं तिथल्या उजेडात काहीतरी दबलेलं असायचं. तिला तिथे परत जाऊन उभं राहायला बरं वाटायचं, आणि तसं वाटतं याची भीतीही वाटायची.

एमेरिक त्या घराचा मालक. एक्केचाळीस वर्षांचा, कुटुंबाच्या जुन्या नोटरी-कचेरीत खरेदीखतं वाचणारा, आई दोन वर्षांपूर्वी गेल्यावर सात खोल्यांत एकटाच उरलेला. शूटिंगसाठी घर भाड्यानं दिलं आणि स्वतः शेवटच्या खोलीत जाऊन राहिला, पाहुण्यासारखा. नायकाच्या जागी उभा राहणारा लुसियाँ, माजी अग्निशामक, एक दिवस पाठीत उसण भरून जमिनीवर आडवाच झाला. बातिस्तनं इकडे तिकडे पाहिलं, आणि कॉफी घ्यायला आलेल्या घरमालकाला दंडाला धरून निळ्या फुलीवर उभं केलं. "उंची बरोबर आहे. साहेब, फक्त उभे राहा. तिच्या डोळ्यांत बघा. बोलू नका." त्यांच्यात वीतभर अंतर होतं. चाळीस मिनिटं. पाच मिनिटांनी एमेरिक ओठ न हलवता म्हणाला, "खाज सुटली तर तुम्ही काय करता?"

"सहन करते."

"आणि फारच सुटली तर?"

"तर जास्त सहन करते. पगार त्याचाच मिळतो."

त्याला हसू आलं आणि ते दाबता दाबता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "साहेब, थरथरू नका," बातिस्त शिडीवरून खेकसला. मग ते नुसते बघत राहिले. जेनाबाच्या बत्तीस वर्षांत कुणी तिच्याकडे असं बघितलं नव्हतं. बघणारे बघायचे, पण कशासाठी तरी. हा माणूस पहिल्यांदा संकोचला, मग कंटाळला, मग त्या कंटाळ्याच्या पलीकडे कुठेतरी गेला, आणि तिथून बघू लागला. पुढे कितीतरी दिवसांनी तो तिला म्हणाला होता, "आमच्या घरात कुणी कधी कुणाकडे चाळीस मिनिटं बघितलं नव्हतं. जेवताना आम्ही ताटात बघायचो. आई गेली तेव्हा तिच्या डोळ्यांचा रंग मला पासपोर्टात बघावा लागला." तिनं त्याचा हात धरला होता. कुठे उभी राहून धरला होता, हे तेव्हा तिच्या मनात आलं नव्हतं.

आता आलं. तिनं कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, खाली वाकली आणि गालिच्याचा कोपरा उचलला. लाल फुली होती. तिचे पाय अगदी तिच्यावर होते.

"हे सिनेमावाले पट्ट्या न काढताच गेले?" तिनं विचारलं.

"काढल्या ना. अगदी स्वच्छ करून दिलं त्यांनी घर," एमेरिक म्हणाला. "मी परत लावल्या." तो जराही ओशाळला नव्हता. "पट्टी काढली तरी गोंदाचा डाग राहतो. त्या डागांवरच लावल्या. अकरा आहेत."

"कशाला पण?"

तो विचारात पडला, मनापासून. "तू जाऊ नयेस म्हणून," तो म्हणाला, आणि हे इतक्या गोड आवाजात म्हणाला की दुसऱ्या कुठल्या बाईला ते प्रेमाचं बोलणं वाटलं असतं. जेनाबालाही वाटलं, दोन क्षण.

परतीच्या मेट्रोत ती शूटिंग संपल्यापासूनच्या, त्याच्या घरी येत राहिल्याच्या पाच महिन्यांमधून पुन्हा चालत गेली. पहिला मुका शेकोटीपाशी: तिथे फुली होती, नायिका तिथे नायकाला थोबाडीत मारते असं लुसियाँनं सांगितलं होतं. "तुला मी रोज बघावं असं वाटतं" हे जेवणाच्या टेबलाच्या टोकाला, उजवी खुर्ची: तिथे होती. पलंगाची डावी बाजू. पियानोचं स्टूल. जे जे म्हणून तिनं रात्रीच्या बसमध्ये पुन्हा पुन्हा आठवून घरी नेलं होतं ते प्रत्येक वाक्य एकेका फुलीवर नीट बसत होतं. आणि जिथे फुली नव्हती, तिथलं काय? लांब अंधाऱ्या बोळात तो तिच्या अंगावरून जायचा तेव्हा "पार्दों" म्हणायचा, धक्का लागलेल्या परक्याला म्हणतात तसं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी असताना तो खोलीतून हाक मारायचा, "जेनाबा? कुठे आहेस?" ती म्हणायची, "ही काय समोर." आणि चालत पुढे यायची, चार पावलं, पाच पावलं, आणि मग एकदम त्याचा चेहरा उजळायचा. तिला वाटायचं, नजर कमजोर आहे याची.

"चष्मा करायला सांग त्याला," आई म्हणाली. आई, म्हणजे कानी तांदिया, शहराच्या कडेला माँत्रय्यमध्ये, सहाव्या मजल्यावरच्या घरात खिडकीत बसून भेंडी चिरत होती. बावीस वर्षं तिनं कचेऱ्या झाडल्या होत्या, लोक यायच्या आत. "तुझं सगळं त्याच्या घरातच चालतं. रस्त्यावर नेतो का तो तुला? चारचौघांत?"

"लाजत नाही तो, आई. त्याच्या बहिणीला बोलावून भेटवलं की मला."

"कुठे?"

"घरी. टेबलाशी." उजव्या खुर्चीत, हे तिनं सांगितलं नाही.

"मग इकडे बोलाव. मी शेंगदाण्याच्या रश्श्यात मटण करते. गोरा माणूस माझ्या घरी घाम गाळून जेवला म्हणजे मला कळेल काय चीज आहे ती."

एमेरिक आनंदानं तयार झाला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बाराला मेट्रोच्या जिन्याच्या तोंडाशी भेटायचं ठरलं. जेनाबा पिवळा कोट घालून पावणेबारालाच जाऊन उभी राहिली. फुलांचा गुच्छ आणि मिठाईचा खोका सांभाळत तो वर आला, तिच्या समोर थांबला, तिच्याकडे पाहिलं, घड्याळात पाहिलं, आणि मागे-पुढे येरझारा घालू लागला. तिनं ओठ दाबले. चेष्टा करतोय. दोनदा तो तिच्यापासून हातभर अंतरावरून गेला, त्याचा नेहमीचा साबण तिला वासावरून कळला. मग तो तिच्यापाशी आला आणि टोपी काढून म्हणाला, "माफ करा मादाम, तांदिया कुटुंब इथे कुठे राहतं, तुम्हाला माहीत आहे का? माझी मैत्रीण यायची होती, तिला उशीर झालेला दिसतो."

"चला ना," जेनाबा म्हणाली, "मी तिकडेच चाललेय." तिच्या आवाजात हसू होतं. दुसऱ्या मजल्यावर ते संपलं. लिफ्ट बंद होती, आणि तो तिच्या मागे जिना चढताना हवा, गर्दी, मेट्रोचा संप अशा गोष्टी बोलत होता, जशा लोक अनोळखी माणसाशी बोलतात.

आईनं त्याला खिडकीजवळची खुर्ची दिली. तो फार छान बोलला. रस्सा दोनदा मागून घेतला, कपाळ पुसत पुसत तिखट खाल्लं, आईच्या गावाचं नाव नीट उच्चारायला शिकला. जेनाबा त्याला भात वाढत होती. तिचा हात त्याच्या ताटावर होता, मनगटावर त्यानंच दिलेलं कडं होतं, तेव्हा तो आईकडे वळून अदबीनं म्हणाला, "तुमची ही मुलगी फार शांत आहे. जेनाबा अजून कशी आली नाही?"

आई आधी हसली, चांगली मोठ्यानं. मग तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हसू तिच्या तोंडावरून लगेच गेलं नाही, विसरल्यासारखं थोडा वेळ तिथेच राहिलं. ती आपल्या भाषेत जेनाबाला म्हणाली, "पोरी, हा नशा करतो का?"

"नाही."

"गोऱ्यांना आपण सगळ्या सारख्याच दिसतो, हे मला नवं नाही. माझ्या साहेबानं मला सात वर्षं फातू म्हणून हाक मारली. फातू माझ्या आधी होती. पण जिच्यावर प्रेम करतो ती तरी ओळखावी माणसानं." मग थोडं थांबून, अगदी हळू, "हा तसा नाही गं. हा खरंच तुला शोधतोय. बघ, दाराकडे बघतोय."

तो दाराकडेच बघत होता. कॉफी झाली तरी बघत होता. जाताना त्यानं आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि जेनाबाशी हस्तांदोलन केलं. "तुम्हाला भेटून आनंद झाला." दार लागल्यावर आई कितीतरी वेळ ताटं तशीच सोडून बसली. तिनं कधी ताटं सोडलेली जेनाबाला आठवत नव्हतं. "मी बावीस वर्षं कुणाला दिसले नाही," आई म्हणाली, "पण घरी आले की तुमच्या अंगावर ओरडायचे, आणि तुम्ही रडायचात. तू त्या घरी जाऊ नकोस."

जेनाबा गेली. दुकान, गल्ला, तीन दिवस ती माणसांचे चेहरे वाचत बसली होती, कोण आपल्याकडे बघतं ते मोजत, आणि कुणीच बघत नव्हतं. माणसं आपल्या दुधाकडे आणि कोबीकडे बघतात. आरशापुढे गेलं तर चेहरा होता, नेहमीचा. पण तो चेहरा ज्याच्या डोळ्यांत चाळीस मिनिटं राहिला होता तो माणूस एका पत्त्यावर राहत होता, आणि त्या पत्त्यावर अकरा जागा होत्या. हे असं मनात आलं की तिला स्वतःचीच शिसारी यायची. तरी गुरुवार उजाडला तसं तिनं केस बांधले आणि निघाली.

बोळातल्या अंधारात त्यानं दार उघडलं, नम्रपणे बाजूला झाला. "आपण कोण, हवं होतं का काही?" ती सरळ आत गेली, दिवाणखान्यात, खिडकीपाशी, गालिच्यावर. फुली पायाखाली आल्याचं तिला बुटाच्या तळव्यातून कळलं. "जेनाबा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम सैल, एकदम सुखी झाला. "रविवारी तू आलीच नाहीस. तुझ्या आईला किती वाईट वाटलं असेल. फार मोठ्या मनाची बाई आहे. तुझी बहीण होती, तिनं वाढलं मला."

"ती कशी होती दिसायला?"

"कोण? बहीण?" तो आठवू लागला. "चांगली होती. पिवळा कोट होता." बाकी त्याला काही आठवेना.

नोव्हेंबरचं तिरकं ऊन तिच्या गालावर पडलं होतं. तो जवळ आला, वीतभर अंतर ठेवून उभा राहिला आणि तिच्याकडे बघू लागला. बागेतल्या मुलांचा आवाज कमी झाला. त्याच्या पापणीवर एक पांढरा केस होता. त्याच्या डोळ्यांत तिचं डोकं, तिचे खांदे, दोन लहान लहान जेनाबा, स्थिर. बरं वाटत होतं. इतकं बरं की श्वास दिसू न देता घ्यावा. असंच राहता येईल, तिच्या मनात आलं. माणसं याहून कमी जागेत आयुष्य काढतात, आईनं कोपऱ्या-कोपऱ्यांत काढलं, इथे तर खिडकी आहे. पाय मात्र जड होत चालले होते, मुंग्या आल्यासारखे, घोट्यापर्यंत, पोटऱ्यांपर्यंत.

"माझ्याशी लग्न करशील?" एमेरिकनं विचारलं.

तिला हो म्हणायचं होतं. हे नंतरही तिनं स्वतःशी कधी नाकारलं नाही. पण ते स्वतःच्या पायांवर उभं राहून म्हणायचं होतं, आणि म्हणून तिनं जोर लावून उजवा पाय उचलला, मग डावा, आणि गालिच्यावरून खाली, उघड्या लाकडी जमिनीवर उतरली. त्याच्या खांद्याला लागून ती उभी राहिली. "एमेरिक," ती म्हणाली. "इकडे बघ. मी इथे आहे. मला विचार."

तो वळला नाही. तो खिडकीजवळच्या त्याच जागेकडे बघत होता, श्वास धरून, उत्तराची वाट पाहणाऱ्या माणसासारखा. जेनाबानं त्याच्या बाहीला हात लावला. त्यानं ती बाही नकळत झटकली, माशी बसल्यासारखी. आणि मग तिच्या डोळ्यांदेखत त्याचा चेहरा बदलत गेला. आधी ओठ, मग डोळ्यांच्या कडा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तो हसला, त्यानं दोन्ही हात पुढे केले आणि समोरच्या उजेडात कुठल्याशा उंचीवर ते अलगद ठेवले. एक मीटर बहात्तरची मुलगी असती तर तिचे खांदे बरोबर तिथे आले असते. "मला वाटलं तू नाही म्हणशील," तो पुटपुटला.

जेनाबानं खुर्चीवरचा कोट घेतला. घराबाहेर पडताना तिला कुणी थांबवलं नाही, आणि मुख्य जिन्याऐवजी ती नोकरांच्या मागच्या जिन्यानं उतरली. तो जिना तिला कुणी दाखवला नव्हता, पण अशा घरांना तो असतोच. खाली आल्यावर तिनं मान वर केली नाही. कोपऱ्यापर्यंत ती जवळजवळ पळतच गेली, मग एका बाकावर बसली, आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" असं विचारल्यावर रडायला लागली.

हिवाळा सरत आला. आईनं काही विचारलं नाही, फक्त रविवारी मुद्दाम छोट्या छोट्या गोष्टींवरून तिच्या अंगावर ओरडत राहिली, आणि जेनाबा मुद्दाम उलट उत्तरं देत राहिली. सिनेमा लागला, चालला म्हणे. ती बघायला गेली नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी पट्ट्यावरून सामान पुढे सरकत आलं: दोन सफरचंदं, दोन दह्याचे डबे, माशाचे दोन तुकडे, आणि लाल मिरचीच्या ठेच्याची बाटली. तिनं वर बघितलं. एमेरिक होता. थोडा वजनानं वाढलेला, दाढी नीट केलेली, बोटात अंगठी. तो तिच्याकडे बघून हसला, माणूस गल्ल्यावरच्या बाईकडे बघून हसतो तितकंच.

"हा ठेचा तिखट असतो का हो?" त्यानं विचारलं. "माझ्या बायकोला चांगलं झणझणीत लागतं. मी आपला अंदाजानं घेतला."

"हा नाही," जेनाबा म्हणाली. तिचा आवाज तिला लांबून ऐकू आला. "वरच्या फळीवर छोटी बाटली आहे, हिरव्या झाकणाची. ती न्या."

तो खरंच गेला आणि बदलून आणली. रांगेतल्या लोकांची त्यानं माफी मागितली. मग त्याची नजर तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर गेली, आणि त्याला फार गंमत वाटली. "जेनाबा. तिचंही नाव हेच आहे. या भागात फारसं ऐकू येत नाही."

जेनाबा बाटली हातात धरून थांबली. मागे कुणीतरी घसा खाकरला.

"कशी आहे ती?" तिनं विचारलं.

प्रश्न आगाऊपणाचा होता, पण तो रागावला नाही. त्यानं विचार केला, तिला आठवत होती त्याच पद्धतीनं, मनापासून, मान जराशी कलती करून.

"खूश आहे," तो म्हणाला. "फारशी हलत नाही. पण खूश आहे."

त्यानं पिशवी भरली. दोघांपुरतंच सामान होतं, जड असायचं काही कारण नव्हतं. तरी त्यानं ती दोन्ही हातांनी उचलली, छातीशी धरली, आणि घरी वाट पाहणारं कुणी असलं की माणूस जसा भराभर चालतो, तसा तो चालत गेला.